कोपऱ्यावरचा उतार आणि पंधरा टक्क्यांची भांडणं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फूटपाथ रस्त्याला मिळतो तिथे पूर्वी सरळ पायरी होती. आई सांगलीहून आली की रोज संध्याकाळी त्या पायरीशी थांबायची, एका हातानं खांब धरायची आणि दुसऱ्या हातानं गुडघा. मग एका उन्हाळ्यात नारिंगी कठडे लागले, दोन दिवस ब्रेकर चालला आणि पायरीच्या जागी सिमेंटचा उतार आला. त्यावर पिवळी, फोडाफोडांची फरशी. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला पायाखाली कळावं की पुढे रस्ता आहे, म्हणून ते फोड.

या उताराचे पैसे शहराच्या तिजोरीतले नव्हते, थेट वॉशिंग्टनहून आले होते. हे मला कळलं ते पुढे शहराच्या एका सल्लागार समितीवर बसायला लागल्यावर. मी राहते ते कॅलिफोर्नियाच्या बे एरियातलं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातलं, एक मध्यम आकाराचं शहर. समितीचं काम म्हणजे केंद्राकडून घरांसाठी आणि वस्तीसुधारणेसाठी येणारा निधी कुठे खर्चावा याची शिफारस करायची. पगार नाही, चहा नाही, पाण्याची बाटली आपली आपण न्यायची. आणि वाचायला दर वर्षी दोनशे पानांचं बाड.

त्या बाडातून मला जे कळलं ते असं: लोकांना वाटतं, पैसे कुणाला द्यायचे हे नगरसेवक ठरवतात. ठरवतात, पण फार उशिरा. त्यांच्यापुढे कागद येतो तेव्हा बहुतेक गोष्टी आधीच ठरून गेलेल्या असतात. काही एका सूत्रानं ठरवलेल्या, काही टक्केवारीनं आणि काही निव्वळ कागदपत्रांनी.

सूत्र आधी येतं

या निधीचं नाव कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, बोलताना सगळे सीडीबीजी म्हणतात. त्यामागचा कायदा १९७४ चा. त्याआधी शहरांना केंद्राकडून पैसे हवे असले तर प्रत्येक कामासाठी निराळी योजना, निराळा अर्ज, निराळा साहेब. पाण्याच्या लाइनीची एक, मोकळ्या मैदानांची दुसरी, जुन्या वस्त्या पाडून नव्या उभारायची तिसरी. निक्सन सरकारला हे सगळं मोडून शहरांच्या हातात एकगठ्ठा रक्कम द्यायची होती. कायदा होईपर्यंत निक्सन राजीनामा देऊन गेले होते. २२ ऑगस्ट १९७४ रोजी, अध्यक्ष होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, फोर्ड यांनी त्यावर सही केली. जुन्या सात योजना एका पिशवीत आल्या.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या पैशाला 'बंधित' आणि 'अबंधित' म्हणतात ना, त्या दोन शब्दांच्या मधोमध सीडीबीजी बसतो. काय करायचं ते शहरानं ठरवायचं, पण कुणासाठी आणि किती प्रमाणात, ते केंद्रानं बांधून दिलेलं.

२०२४ साली या निधीसाठी देशभर मिळून ३३० कोटी डॉलर होते. त्यातले ७० टक्के थेट मोठ्या शहरांना आणि काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या) जातात, ३० टक्के राज्यांमार्फत छोट्या गावांना. साधारणपणे ५० हजारांवर लोकवस्तीचं शहर किंवा महानगराचं मुख्य शहर असेल तर तो हक्काचा वाटा असतो. त्यासाठी इतर शहरांशी स्पर्धा करावी लागत नाही. केंद्राचं गृहनिर्माण आणि शहरविकास खातं, ज्याला सगळे 'हड' म्हणतात, जनगणना खात्याचे आकडे सूत्रात घालतं आणि रक्कम बाहेर येते.

सूत्रं खरं तर दोन आहेत. पहिलं १९७४ चं. त्यात गरिबीला ५० टक्के वजन, लोकसंख्येला २५ आणि एका घरात दाटीवाटीनं राहणाऱ्यांना २५. हे लागू झालं आणि पूर्वेकडच्या, मध्य-पश्चिमेकडच्या जुन्या शहरांनी ओरड केली: आमच्याकडची माणसं चाललीत, घरं ओस पडलीत, तुमच्या सूत्रात आमचं दुखणं कुठे दिसतंच नाही! म्हणून १९७७ मध्ये दुसरं सूत्र आलं. त्यात १९४० पूर्वी बांधलेल्या घरांना ५० टक्के, गरिबीला ३० आणि वाढ खुंटण्याला २० टक्के वजन. शहराला दोन्ही सूत्रांनी मोजायचं आणि जी रक्कम जास्त ती द्यायची. अशानं एकूण बेरीज उपलब्ध पैशाच्या वर जाते, म्हणून मग सगळ्यांना सारख्या प्रमाणात कात्री.

याचा परिणाम बघायचा तर दोन शहरं शेजारी ठेवा. २०२० च्या जनगणनेत आमच्या बे एरियातल्या सॅन होजेची लोकसंख्या १० लाखांच्या थोडी वर होती, मध्य-पश्चिमेकडच्या डेट्रॉइटची ६ लाख ३९ हजार. पण सॅन होजेला वर्षाला ८०-९० लाख डॉलरच्या आसपास मिळतात, तर डेट्रॉइटला ३ कोटींच्या वर. १९५० मध्ये डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख लोक राहत होते. म्हणजे तीन माणसांतली दोन गेली, पण गटारं, रस्ते, घरं मागे राहिली, तीही जुनी. सॅन होजे वाढलं ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, जर्दाळूच्या आणि आलुबुखारच्या बागा तोडून. तिथे १९४० पूर्वीची घरं किती असणार?

सूत्र हुशार आहे, पण आंधळंही आहे. जुनं घर म्हणजे पडकं घर असं ते धरून चालतं. एखाद्या श्रीमंत शहरात शंभर वर्षांपूर्वीचं लाकडी घर आतून-बाहेरून नवं करून दहा-वीस लाख डॉलरना विकलं गेलं, तरी सूत्राच्या लेखी ते 'जुनं घर', मदतीला पात्र. हा दोष सगळ्यांना माहीत आहे. तो सुधारायचा म्हटलं की ज्या शहरांचा वाटा घटणार त्यांचे खासदार उभे राहतात, आणि विषय पुन्हा फायलीत जातो.

'गरीब' कोण?

प्रत्येक कामानं तीन उद्देशांपैकी एक पुरा करायलाच हवा: कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना फायदा, पडझड झालेल्या भागाची दुरुस्ती, किंवा पूर-भूकंपासारखी तातडीची गरज. शहर जास्तीत जास्त तीन वर्षांचा काळ हिशेबाला धरतं आणि त्यात किमान ७० टक्के खर्च पहिल्या उद्देशावर दाखवावा लागतो. व्यवहारात शहरं जवळजवळ सगळंच पहिल्यात बसवतात. बाकी दोघांचे पुरावे जमवणं जिकिरीचं.

आता कमी उत्पन्न म्हणजे किती? त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं त्याहून जास्त, निम्म्यांचं कमी) ८० टक्क्यांपर्यंत. हे 'त्या भागातल्या' फार महत्त्वाचं. २०२४ साली सांता क्लारा काउंटीत, म्हणजे सॅन होजे ज्या काउंटीत आहे तिथे, चौघांच्या कुटुंबाचं मधलं उत्पन्न १ लाख ८४ हजार ३०० डॉलर धरलं होतं आणि ८० टक्क्यांची मर्यादा होती सुमारे १ लाख ४६ हजार. हा आकडा मी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात सांगितला तेव्हा दोघांनी मला परत बोलायला लावलं. एकट्याच्या पगारावर नुकतंच आलेलं इंजिनीअरचं कुटुंब, दोन पोरं, दोन खोल्यांचं भाडं, ते या व्याख्येत सहज बसू शकतं. "म्हणजे आपण गरीब?" एकानं विचारलं. त्याच्या हातात अनारसा होता, तो तसाच राहिला.

प्रत्येक लाभार्थ्याचं उत्पन्न तपासायचं म्हटलं तर शहर कागदाखाली गाडलं जाईल, म्हणून नियमात वाटा काढलेल्या आहेत. बागेसारखी सगळ्यांची सोय असेल तर ज्या वस्तीसाठी ती आहे तिथले किमान ५१ टक्के रहिवासी या उत्पन्नगटातले हवेत. एका वस्तीत ५२ टक्के, रस्त्यापलीकडच्या वस्तीत ४९, की बाग अलीकडेच होणार, पलीकडच्यांनी कितीही सह्या गोळा केल्या तरी. काही गट असे आहेत की ते कमी उत्पन्नाचेच आहेत असं गृहीत धरलं जातं: वृद्ध, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ, घरात मारहाण सोसलेल्या बायका, एड्स झालेले, स्थलांतरित शेतमजूर.

आणि इथेच आमच्या कोपऱ्यावरच्या उताराचं रहस्य आहे. वृद्धांच्या आणि अपंगांच्या वाटेतला अडथळा काढण्याचं काम या गृहीतकात बसतं. त्यामुळे वस्ती ५१ टक्के आहे की ११ टक्के, हे बघावं लागत नाही. उतार शहरात कुठेही करता येतो. काम मोजता येतं, ठेकेदार तयार असतो, फोटो छान येतो, कुणी विरोध करत नाही. शहरांचं उतारांवर इतकं प्रेम का, ते समितीवर तिसऱ्या बैठकीला मला उमगलं.

दीड लाखासाठी रांग

समजा एका शहराला १० लाख डॉलर आले. त्यातून नियोजन आणि कारभार यांवर जास्तीत जास्त २० टक्के, म्हणजे २ लाख. 'सार्वजनिक सेवा' या सदरात जास्तीत जास्त १५ टक्के, म्हणजे दीड लाख. उरलेले साडेसहा लाख बांधकाम-दुरुस्तीकडे: म्हाताऱ्या माणसाच्या घराचं छप्पर, समाजकेंद्राची गळती, गटारं, उतार. यातून शहराला आपली कचेरी बांधता येत नाही. राजकीय कामाला एक डॉलर देता येत नाही. लोकांच्या हातात रोख टेकवता येत नाही. भाडं थकलेल्याला मदत करायची तर ती साधारणपणे सलग तीन महिन्यांपर्यंतच, आणि तीही थेट घरमालकाला. नवी घरं बांधायलाही सहसा हा पैसा चालत नाही.

तो दीड लाखाचा डबा सगळ्यांत लहान, आणि रांग सगळ्यांत मोठी त्याच्यापुढेच. कारण माणसांना रोज लागणारं सगळं त्यात कोंबलेलं आहे: वृद्धांचं जेवण, पोरांचा पाळणाघराचा खर्च, भाडेकरूंना वकिलाचा सल्ला, बेघरांचा निवारा, शिकवण्या. दहा-बारा संस्था येतात, प्रत्येकीला तीन मिनिटं. त्यांची मागणी डब्याच्या तिप्पट-चौपट असते. बरं, शहर चलाखी करून आपल्या ग्रंथालयातल्या माणसाचा चालू पगार या डब्यातून द्यायला गेलं तर तेही चालत नाही. सेवा नवी हवी किंवा गेल्या बारा महिन्यांपेक्षा मोजण्याइतकी वाढलेली.

माझ्या पहिल्याच वर्षी वृद्धांना दुपारचं जेवण देणारी एक छोटी संस्था आली होती. तिघीजणी चालवत होत्या. त्यातल्या एकीनं आम्हाला वही दाखवली, रोज कोण जेवलं त्याच्या सह्या. काही सह्या थरथरत्या, काही चिनी, काही गुजराती, दोन-तीन ठिकाणी नुसता अंगठा. वृद्ध असल्यानं उत्पन्नाचे दाखले मागायचा प्रश्नच नव्हता, ती वहीच पुरावा. गुण देताना मी त्यांना सगळ्यांत वर ठेवलं होतं.

त्यांना पैसे मिळाले नाहीत. कारण हा निधी आगाऊ मिळत नाही. आधी खर्च करा, पावत्या लावा, शहर तपासेल, मग परतफेड. पहिला धनादेश यायला तीन-चार महिने लागतात. तोवर तांदूळ, भाजी, स्वयंपाकघराचं भाडं कुठून भरायचं? शिवाय विम्याचं प्रमाणपत्र, केंद्राचा नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण. कर्मचाऱ्यांच्या टिपणात एक ओळ होती: 'आर्थिक क्षमता अपुरी.' चूक नव्हती ती. पण त्याच वर्षी ज्या संस्थेला पैसे मिळाले तिच्याकडे फक्त अर्ज लिहायला पगारी माणूस होता. निधी सगळ्यांत गरजूला जातो हे अर्धसत्य आहे. तो गरजूंसाठी काम करणाऱ्यांतल्या हिशेब ठेवू शकणाऱ्याला जातो. आणि पाच हजारांच्या अनुदानावर लक्ष ठेवायला पन्नास हजारांच्या अनुदानाइतकीच कागदपत्रं लागतात, म्हणून कित्येक शहरं छोटे अर्ज घेतच नाहीत.

दोन वर्षांनी त्याच तिघीजणी एका मोठ्या संस्थेच्या छत्राखाली आल्या. पैसे मोठ्या संस्थेच्या नावावर, जेवण यांचं, आणि मधली कमिशनवजा वजावट दोन्ही संस्थांच्या संमतीनं.

बाकीचे तीन

सीडीबीजीबरोबर आणखी तीन निधी शहराच्या खर्चाच्या त्याच आराखड्यात येतात. 'होम' हा १९९० चा, फक्त परवडणाऱ्या घरांसाठी. २०२४ ला देशभरासाठी १२५ कोटी डॉलर. यातून घर झालं की ५ ते २० वर्षं ते परवडणारंच ठेवायचं, तसं बंधन कागदावर नोंदवायचं. १५ टक्के रक्कम ठरावीक प्रकारच्या स्थानिक बिगरनफा गृहसंस्थांसाठी राखीव. एका शहराच्या वाट्याचा होम निधी एका इमारतीलाही पुरत नाही. करसवलत, राज्याचं कर्ज, बँक, काउंटी असे सहा-सात थर रचले की त्यातला हा एक पातळ थर. ईएसजी बेघरांसाठी आणि हॉपवा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या घरांसाठी. दोन्ही सगळ्या शहरांना थेट मिळत नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक

शहरानं तीन ते पाच वर्षांचा मोठा आराखडा करायचा आणि दर वर्षी त्यातून कृती आराखडा काढायचा. आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी ४५ दिवस आराखडा हडकडे पोचला पाहिजे. त्याआधी ३० दिवस तो लोकांसमोर सूचनांसाठी खुला असला पाहिजे. वर्षाला किमान दोन जाहीर सुनावण्या. मागे मोजत गेलं तर संस्थांचे अर्ज हिवाळ्यातच मागवावे लागतात.

गंमत अशी की तेव्हा रक्कम किती येणार हेच माहीत नसतं. केंद्राचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण काँग्रेस, म्हणजे इथली संसद, अंदाजपत्रक वेळेत मंजूर करील याची खात्री नाही. मग आम्ही 'अंदाजे' रकमेवर भांडायचो आणि खाली एक ओळ घालायचो: कमी आले तर सगळ्यांचे सारख्या प्रमाणात कमी, जास्त आले तर जास्त. २०१८ च्या अंदाजपत्रकात ट्रम्प सरकारनं हा निधी शून्य करायचा प्रस्ताव ठेवला होता. काँग्रेसनं आदल्या वर्षीच्या ३०० कोटींचे ३३० कोटी केले. याला पक्षीय शौर्य म्हणू नका. जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात एखादा उतार, एखादं छप्पर या पैशातलं असतं.

आलेला पैसा वेळेत खर्चही व्हायला हवा. वर्ष संपायच्या ६० दिवस आधी शहराच्या खात्यात वार्षिक अनुदानाच्या दीडपटीपेक्षा जास्त पडून असेल तर हड कान धरतं. आमच्यासाठी ती तारीख मेच्या सुरुवातीची. आणि खर्च सोपा नाही. म्हातारीच्या घराचं छप्पर बदलायचं तरी पर्यावरणाची तपासणी आधी, करार नंतर. घर १९७८ पूर्वीचं असेल तर रंगात शिसं आहे का ते बघा. मोठ्या कामाला १९३१ च्या कायद्याप्रमाणे ठरलेली मजुरी. मग एप्रिलमध्ये धावपळ. या पैशातून रस्ता खोदायचं यंत्र घेता येत नाही, पण अग्निशमनाचा बंब घेता येतो, नियमात ती सार्वजनिक सुविधा धरलेली आहे. वर्षाअखेरीस एखादं शहर अचानक बंब घेताना दिसलं तर आग कुठे लागली हे विचारू नका.

सही करताना

आराखड्यासोबत शहर काही प्रतिज्ञापत्रं देतं. त्यातलं एक म्हणजे वंश, रंग, धर्म यांवरून घर नाकारलं जाऊ नये यासाठी आम्ही स्वतःहून पावलं उचलू. वर्षानुवर्षं ही सही डोळे मिटून केली जायची. न्यूयॉर्कच्या उत्तरेला लागून असलेल्या वेस्टचेस्टर काउंटीनंही केली. २००६ मध्ये एका भेदभावविरोधी संस्थेनं दावा ठोकला: तुम्ही कोट्यवधी डॉलर घेतलेत, पण गोऱ्या, श्रीमंत गावांत परवडणारी घरं होऊ द्यायला काहीच केलं नाहीत, म्हणजे सही खोटी. कायदा वापरला तो १८६३ चा, यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. २००९ मध्ये काउंटीनं ६ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केली आणि अशा गावांत ७५० घरं बांधायचं कबूल केलं. त्यानंतर सहीवरचे डोळे थोडे उघडले.

सुनावणीला किती लोक येतात? आमच्याकडे संस्थांची माणसं सोडली तर चार. आपली मराठी माणसं शाळेच्या बैठकीला गर्दी करतात, इथे नाही. पण एक नियम फार थोड्यांना माहीत आहे: तीस दिवसांत आलेल्या सूचनांचा सारांश आराखड्याला जोडावाच लागतो, आणि मान्य न केलेल्या सूचनेपुढे कारण लिहावं लागतं. इमेलवर चार ओळी पुरतात. इंग्रजी चांगलं नसलं तरी चालतं.

गेल्या वर्षी आईनं सूचना केली. ती मराठीत बोलली, मी इंग्रजीत टाइप केलं. आमच्या कोपऱ्यावर उतार झाला, पण बसथांब्यासमोरच्या कोपऱ्यावर अजून पायरीच आहे, तिथे मला रस्त्यावरून वळसा घालून जावं लागतं, एवढंच. आराखडा छापून आला तेव्हा परिशिष्टात ती ओळ होती. पुढच्या रकान्यात उत्तर: 'सूचना मान्य नाही. सदर रस्ता राज्य महामार्ग असल्याने शहराच्या अखत्यारीत येत नाही.' आईनं ते वाचून घेतलं आणि राज्याचा पत्ता काढ म्हणाली.